मेलेलं कापायला आमचा हात चालतो

(राहात्यात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलंय.)



मी मुंबईला गोदीत काम करतो. इंदिरा डॉकमधे, कंत्राटी. शिक्षण दहावी पास. कविता लिहितो म्हणून तुम्ही मला बोलावलं. पण आज कविता वाचायची नाही. आज मी सर्जनवर बोलणार आहे. सर्जन कोण होतो, कुठं होतो, आणि आपल्यातला का होत नाही, यावर.

कुणी म्हणेल, हमालानं ऑपरेशनवर काय बोलावं? का बोलू नये? टेबलावर आडवा कोण पडतो? हर्निया कुणाला होतो, खुर्चीत बसून सह्या करणाऱ्याला का गोणी उचलणाऱ्याला? ज्याचं पोट कापलं जातं त्याला बोलायचा हक्क आहे. ज्याचं वेळेवर कापलं गेलं नाही, त्याच्या पोराला तर आहेच आहे.

माझ्या बाचं वेळेवर कापलं गेलं नाही. तिथनंच सुरू करतो.

बा इथं पेरूचे क्रेट भरायचा. उन्हाळ्यात कांद्याच्या गोण्या भरायला टोळीबरोबर बाहेरच्या तालुक्यात जायचा. सहा वर्षं त्याला हर्निया होता. जांघेत लिंबाएवढी गाठ यायची. आडवा पडला की आत, ओझं उचललं की बाहेर. आपल्याकडं म्हणतात, आतडं उतरलं. बा लंगोट घट्ट आवळायचा, आत चिंधीची घडी कोंबायचा आणि पुन्हा गोणी पाठीवर घ्यायचा. डॉक्टर म्हणायचे, ऑपरेशन करून घे. ऑपरेशन म्हणजे पुढं महिना-दोन महिने ओझं उचलायचं नाही. ओझं न उचलता आमच्यात कोण दोन महिने जगतो?

२०१२ चा मे महिना. मी सहावीची परीक्षा दिली होती. एका रात्री गाठ आत जाईना. दगडासारखी झाली. उलट्या सुरू झाल्या. ती रात्र बानं गोळी खाऊन काढली. दुसऱ्या दिवशी टोळीवाल्यांनी टेम्पोत घालून तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. त्या तालुक्याचं आणि दवाखान्याचं नाव मी घेत नाही, कारण असा दवाखाना काय एकटाच नाही. इमारत पक्की होती. ऑपरेशन थिएटरची पाटी होती. आत टेबल होतं, वर मोठा दिवा होता. सर्जन नव्हता. जागा मंजूर होती, माणूस नव्हता. बाहेरचा सर्जन उद्या येतो म्हणाले. उद्या कुणी आला नाही. ड्यूटीवर एक पोरगा डॉक्टर होता, तो घामाघूम झाला होता. तो आईला म्हणाला, "मावशी, मला हे करता येत नाही. मला हे कुणी शिकवलं नाही. जिल्ह्याला न्या." जिल्हा साठ किलोमीटर. बा रस्त्यात गेला.

अडकलेल्या आतड्याचं रक्त तुटतं. काही तासांत ते काळं पडतं, मग सडतं, मग सगळ्या अंगात विष भिनतं. हे मला नंतर कळलं. त्या पोरग्या डॉक्टरचा मला राग नाही. खरं बोलला तो. मला हे कुणी शिकवलं नाही, हे त्याचं वाक्य मी बारा-तेरा वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय. कारण माझा बा मेला त्याचं खरं कारण त्या एका वाक्यात आहे. औषध होतं, टेबल होतं, दिवा होता. शिकवलेला हात नव्हता.

आता हाताचं ऐका.

माझी आजी सुईण होती. महारवाड्यातली म्हातारी, पण गावातल्या वरच्या आळीच्याही किती पोरांच्या नाळा तिनं कापल्या, त्याला हिशोब नाही. नाळ कापेपर्यंत तिचा हात चालायचा. पोर बाहेर आलं, रडलं, की आजी पुन्हा उंबऱ्याबाहेर. माझा चुलता एका सरकारी दवाखान्यात सफाई कामगार होता. कागदावर सफाई कामगार. प्रत्यक्षात पोस्टमार्टेमच्या खोलीत मढी फाडायचा. गळ्यापासून खाली चीर द्यायची, छिन्नी-हातोडीनं कवटी उघडायची, काळीज, फुप्फुस, जठर काढून ठेवायचं, मग दाभणानं शिवून टाकायचं. डॉक्टर दाराशी नाकाला रुमाल लावून उभा. चुलता सांगायचा, डॉक्टर लिहायचा. सही डॉक्टरची. चुलता चौथी शिकलेला. दारू प्यायल्याशिवाय त्या खोलीत पाय टाकायचा नाही. ही काही आमच्या एका घरची गोष्ट नाही. देशभर सरकारी शवागारांत कापायचं काम कोणत्या जातीचे लोक करत आले, ते जाऊन बघा.

पूर्वी मेलेलं ढोर ओढून आम्हीच सोलायचो. कातडं कुठं सुटतं, शीर कुठनं जाते, सांधा कुठं फुटतो, हे ज्ञान आमच्या हातात होतं. १८३६ मधे कलकत्त्याला मधुसूदन गुप्तांनी प्रेत फाडलं म्हणून इतिहासात नाव आहे. वरच्या जातीच्या माणसानं प्रेताला हात लावला, हीच केवढी मोठी क्रांती! आणि जे पिढ्यानपिढ्या हात लावत आले त्यांची क्रांती कुठं लिहिली? ती विटाळाच्या वहीत.

म्हणजे हिशोब असा आहे, दोस्तहो. मेलेलं माणूस कापायला आमचा हात चालतो. जिवंत माणूस कापून वाचवायची वेळ आली, की आमचा हात मेरिटमधे बसत नाही.

आता हे मेरिट काय आहे ते बघू.

पहिली पायरी एम.बी.बी.एस. त्यावर सर्जरीची एम.एस., तीन वर्षांची. त्याच्यावर एम.सीएच., आणखी तीन वर्षं. हृदयाचा, मेंदूचा, मूत्रमार्गाचा, लहान पोरांचा सर्जन या शेवटच्या पायरीवर होतो. एम.एस.ला राज्याच्या सरकारी जागांत अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७ टक्के आरक्षण आहे. एम.सीएच.ला किती? शून्य. १९९२ च्या मंडल निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं, वैद्यकातल्या सुपर स्पेशालिटीसारख्या काही जागी आरक्षण उचित नाही. १९९९ मधे प्रीती श्रीवास्तव खटल्यात घटनापीठानं तेच पक्कं केलं. शिडीच्या शेवटच्या पायरीवर पाटी लावली: इथं फक्त गुणवत्ता.

बरं, गुणवत्ता तर गुणवत्ता. मग २०२३ ला काय झालं? एम.डी., एम.एस.च्या जागा रिकाम्या राहायला लागल्या, तेव्हा केंद्र सरकारनं नीट-पी.जी.चा कटऑफ सगळ्या प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणला. शून्य! म्हणजे परीक्षेला बसला तो पात्र. उणे मार्क मिळाले तरी पात्र. तेव्हा गुणवत्तेच्या नावानं कुणी रस्त्यावर आलं का? आपल्या पोराला चार मार्क कमी पडले तर देश बुडतो. आणि रिकामी जागा पैशानं भरायची असली की शून्यसुद्धा चालतं.

आता आपल्या तालुक्याकडं या. १९५० मधे इथं प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या सहकारातून शाळा आल्या, कॉलेजं आली. १९८४ मधे लोणीला मेडिकल कॉलेज आलं. त्याचं नाव रूरल मेडिकल कॉलेज. २००३ मधे ते अभिमत विद्यापीठ झालं. तिथं रोज खेड्यापाड्यातले पेशंट बरे होतात, हे मी नाकारत नाही. माझा बा त्या रात्री इथं घरी असता तर कदाचित वाचला असता, असं आई अजून म्हणते. पण त्यातच सगळं आलं. एका तालुक्यात सर्जन घडतात आणि दुसऱ्या तालुक्यात टेबल रिकामं. तुमचा जीव वाचणार का नाही, हे तुम्ही त्या रात्री कुठल्या तालुक्यात गोण्या भरत होता यावर.

आणि सवाल एका कॉलेजचा नाही, कायद्याचा आहे. देशातल्या खाजगी अभिमत विद्यापीठांत पी.जी.च्या जागांना आपलं घटनात्मक आरक्षण लागू नाही. फी वर्षाला लाखांत. २००५ च्या घटनादुरुस्तीनं कलम १५ (५) आलं, खाजगी संस्थांत आरक्षण देणारा कायदा सरकारला करता येतो. करता येतो, पण या विद्यापीठांसाठी कुणी केला नाही. मग लाखो रुपये ओतून जो सर्जन झाला तो कांद्याच्या मार्केटशेजारच्या सरकारी दवाखान्यात येऊन बसेल कशाला? तो जाणार पुण्याला, नाशिकला, ठाण्याला. ओतलेलं वसूल कुठं होतं, तिकडं.

शिर्डीची खासदारकी २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. आपण नाचलो. आपला माणूस दिल्लीत बसणार म्हणून गुलाल उधळला. पण संसदेतली खुर्ची राखीव आणि ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहायची जागा नाही, याचा जाब आपण एकदा तरी कुणाला विचारला? मत मागायला येतो त्याला आपण समाजमंदिर मागतो. सर्जन मागत नाही.

सरकारचा स्वतःचा आकडा ऐका. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर, एक लाख वीस हजार लोकांमागं, एक सर्जन पाहिजे असा नियम आहे. २०२१-२२ च्या सरकारी ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशभर या पातळीवर गरजेच्या ८३ टक्के सर्जन कमी होते. शंभर टेबलं असतील तर ८३ टेबलांशी कुणी नाही. माझा बा त्या ८३ मधला. २०१५ मधे लॅन्सेट या नियतकालिकाच्या आयोगानं सांगितलं, जगातल्या ५०० कोटी लोकांना वेळेवर, परवडणारी, धोका नसलेली शस्त्रक्रिया मिळत नाही. म्हणजे आपण एकटे नाही. काळ्या आफ्रिकेतला हमाल आणि राहात्याचा हमाल एकाच रांगेत उभे आहेत.

आता माझ्या ताईचं सांगतो. माझी मामेबहीण. आमच्या वस्तीतली पहिली डॉक्टर. स्कॉलरशिपवर एम.बी.बी.एस. केलं, मग तिसऱ्या खेपेला सर्जरीची एम.एस. मिळाली. कॉलेजचं नाव सांगत नाही, ती अजून तिथंच शिकतेय. मला वाटलं, सीट मिळाली म्हणजे झालं. ताई म्हणाली, "सीट म्हणजे नुसतं दार, रे. हात टेबलावर बनतो."

तिनं समजावलं ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. गोदीत नवा माणूस आला की आधी त्याच्या हातात हुक. लोखंडी कॉईलला स्लिंग कसं घालायचं, क्रेनवाल्याला खूण कशी करायची, हे पुस्तकात नाही. मुकादम उभा राहून शिकवतो. त्यानं ठरवलं की हा आपला, तर दोन वर्षांत तुम्ही क्रेनवर. त्यानं ठरवलं की हा परका, तर जन्मभर हुक. सर्जरीतही तसंच. जखमेच्या कडा ओढून धरायचं एक हत्यार असतं, त्याला रिट्रॅक्टर म्हणतात. तोही हुकच. नव्यानं आधी तो धरायचा. मग गळू फोडायला मिळतं, मग टाके, मग हायड्रोसील, मग हर्निया, अपेंडिक्स. वरिष्ठ समोर उभा राहतो, सुरी तुमच्या हातात देतो, चुकायला लागलात की तुमचं मनगट धरतो. असं पन्नास-शंभर वेळा झालं की सर्जन होतो. डोळ्यांनी बघून हात शिकत नाही.

ताई पहिलं वर्षभर हुक धरून उभी. तिच्याबरोबरच्या पोराला सहाव्या महिन्यात हर्निया करायला मिळाला, हिला नाही. मागितलं तर उत्तर: आधी नीट बघ. पुन्हा मागितलं तर: मुलींना हे झेपत नाही. तिसऱ्यांदा कुणीतरी हसून म्हणालं, कोट्याची घाई बघा. ताई रडली नाही. रात्री दोनला इमर्जन्सी आली, वरचे झोपेत, की ही पळत जायची. तिथं केस मिळायची. दिवसाचे हात दुसऱ्यांचे, रात्रीचे हात आमचे. गेल्या वर्षी तिनं पहिला अडकलेला हर्निया एकटीनं सोडवला. आतडं गरम मिठाच्या पाण्याच्या कपड्यात गुंडाळून ठेवलं, निळं होतं ते गुलाबी होईपर्यंत वाट बघितली, मग आत घातलं. पहाटे तिनं मला फोन केला. म्हणाली, "गुलाबी झालं, रे." पुढं ती काही बोलली नाही, मीही नाही. दोघांच्याही डोळ्यापुढं बा होता.

ताई टिकली. प्रत्येकजण टिकत नाही. डॉ. पायल तडवीचं नाव विसरू नका. जळगावकडची तडवी भिल्ल पोरगी, मुंबईत नायर हॉस्पिटलला स्त्रीरोग शिकत होती. २२ मे २०१९ ला ती गेली. जातीवरून छळ झाला, ऑपरेशन थिएटरमधे काम करू दिलं जात नव्हतं, असा आरोप आहे, तीन वरिष्ठ डॉक्टर बायकांवर खटला भरला गेला. निकाल कोर्ट देईल. पण सीट मिळाल्यावर दार उघडतं का, हा सवाल तिनं आपल्यापुढं टाकलाय. त्याचं उत्तर कोर्ट देणार नाही. ते आपण द्यायचं.

आता म्हणाल, मग करायचं काय? खेड्यात सर्जरी होणारच नाही असं म्हणणारे खोटारडे आहेत. आपल्याच नगर जिल्ह्यात जामखेडला १९७० मधे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी गावागावातल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यात दलित बाया होत्या. ज्या बाईला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते ती गावातल्या बाळंतिणी तपासायला लागली. शिकवलं, तर हात शिकतो.

धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला डॉ. टोणगावकर. हर्नियाच्या ऑपरेशनला पोटाच्या भिंतीत जाळी बसवतात. कंपनीची जाळी हजारोंची. त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. काही रुपयांत जाळी! सहकाऱ्यांबरोबर त्यांनी त्याचे निष्कर्ष २००३ मधे छापले. शहरातले हसले असतील. पुढं युगांडात तीनशे माणसांवर रीतसर चाचणी झाली, २०१६ मधे ती जगातल्या मोठ्या नियतकालिकात आली: वर्षभरानं स्वस्त जाळी आणि महाग जाळी, फरक नाही. हे ज्ञान दोंडाईच्यात तयार झालं, कारण पेशंटच्या खिशात काय आहे ते तिथल्या सर्जनला रोज दिसत होतं. खेड्यात शिकलेला सर्जन म्हणजे कमी प्रतीचा सर्जन, ही प्रस्थापितांनी सोडलेली पुडी आहे. अशा सर्जननी १९९२ मधे आपली ग्रामीण सर्जनांची संघटनाही काढली. चळवळ म्हणून आपण कधी त्यांच्या दाराशी गेलो?

म्हणून मी पाच मागण्या लिहून आणल्यात.

एक. जिथं सर्जनची जागा मंजूर, तिथं शिकायची जागाही मंजूर करा. २०२० पासून नियम आहे, पी.जी.च्या प्रत्येक विद्यार्थ्यानं तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचे. तीन महिन्यांचा पाहुणा नको. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत सर्जरीची डी.एन.बी. चालवा, पुरा तीन वर्षांचा शिकाऊ तिथं ठेवा.

दोन. प्राथमिक आरोग्य केंद्रात खपणाऱ्या डॉक्टरला वर चढायला वाट द्या. सरकारी नोकरीतल्या डॉक्टरांसाठी पी.जी.च्या जागा राखता येतात, हे घटनापीठानं २०२० मधे मान्य केलं. तमिळनाडूनं त्याच वर्षी सरकारी कॉलेजांतल्या सुपर स्पेशालिटीच्या निम्म्या जागा अशा डॉक्टरांसाठी ठेवल्या. त्यांना जमतं, महाराष्ट्राला का नाही?

तीन. एम.सीएच.वरची बंदी उठवायला संसदेत आवाज करा, आणि अभिमत विद्यापीठांसाठी १५ (५) खाली कायदा करा. राखीव जागेवरून निवडून जाणाऱ्याचं हे पहिलं काम.

चार. कोणत्या विद्यार्थ्याच्या हाताला किती ऑपरेशनं मिळाली, याची नोंद दर सहा महिन्यांनी प्रवर्गवार भिंतीवर लावा. सीट मोजता, तसे हात मोजा.

पाच. शवागारात कापणाऱ्याला हातमोजे द्या, रीतसर शिक्षण द्या, त्या कामाचा पगार द्या आणि कागदावर त्याचं नाव लिहा.

आणि एक मागणी आपल्या स्वतःकडं. जयंतीला डीजे लावतो आपण. दोन रात्री भिंती हादरतात. त्यातली एक रात्र बंद ठेवा. त्या पैशात वस्तीतल्या एका पोरीची नीटची पुस्तकं येतात, खोलीभाडं येतं. बाबासाहेबांची मिरवणूक काढणं सोपं, त्यांच्यासारखं रात्र-रात्र पुस्तकावर बसणारं पोर सांभाळणं अवघड. पोर कॉलेजात गेलं की आपलं काम संपत नाही. तिला रात्री फोन करा. हुकच धरायला लावतात का विचारा. लावत असतील तर दहाजण जाऊन डीनच्या दारात बसा.

माझं भाषण संपलं. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. आपल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत सर्जनच्या किती जागा मंजूर, किती भरलेल्या, गेल्या वर्षी टेबलावर किती ऑपरेशनं झाली आणि किती पेशंट जिल्ह्याला पाठवले, असे चार प्रश्न मी अर्जात लिहून आणलेत. दहा रुपयांचं तिकीट लावलंय. सोमवारी मी गोदीत परत. त्याआधी सही करणारे पुढं या.

जयभीम.